अर्ज भरून झाल्यावरही विचारपूस करणारे केंद्र : शिष्यवृत्तीच्या कामाबाबत एक अभिप्राय

आमच्या तालुक्याच्या गावी, बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत, खत-बियाण्यांच्या दुकानांच्या ओळीत एक आपले सरकार सेवा केंद्र आहे, आणि हा अभिप्राय त्या केंद्राबद्दल आहे. यवतमाळ जिल्ह्यात अशी केंद्रे गावोगावी आहेत. सातबारा, पीक विमा, रेशन कार्डातील नाव अशी नाना कामे तेथे चालतात. त्या कामांविषयी मी काही लिहिणार नाही. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींच्या शिष्यवृत्तीचे आणि शिक्षण शुल्क सवलतीचे अर्ज हे केंद्र कसे भरते, एवढ्यापुरतेच हे लिखाण मर्यादित आहे. मी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काम करते. बारावी झालेली मुले आणि त्यांचे आईवडील कागदपत्रांच्या पिशव्या घेऊन प्रथम वाचनालयातच येतात, त्यामुळे त्यांच्यासोबत तालुक्याला जाण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आले आहे आणि या एका कामासाठी तालुक्यातील वेगवेगळी केंद्रे मी जवळून पाहिली आहेत.

माझे मत आधीच स्पष्ट करते. अर्ज भरून 'सबमिट' करणे म्हणजे शिष्यवृत्तीचे काम झाले, असे बहुतेक केंद्रे धरून चालतात. हे केंद्र मात्र रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होईपर्यंत काम अपुरे आहे असे मानते. दोन्हींत किती अंतर आहे, हे ज्यांच्या घरातील मुलाची शिष्यवृत्ती वर्षभर अडकून राहिली आहे त्यांना सांगावे लागणार नाही.

राज्यातील बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात. हे पोर्टल २०१७ मध्ये सुरू झाले. पहिल्या वर्षी तांत्रिक अडचणींमुळे शासनाला पुन्हा कागदी अर्ज स्वीकारावे लागले, ती आठवण त्या काळी शिकत असलेल्या मुलांच्या पालकांच्या मनात अजून ताजी आहे आणि ऑनलाइन अर्जाविषयीची धास्तीही तेव्हापासूनची आहे. आता व्यवस्था बरीच स्थिरावली आहे. विद्यार्थ्याने भरलेला अर्ज प्रथम त्याच्या महाविद्यालयाकडे जातो. तेथील लिपिक तो तपासतो, मग प्राचार्यांच्या स्तरावर मान्यता मिळते, आणि त्यानंतर योजनेप्रमाणे समाजकल्याणचे सहायक आयुक्त, आदिवासी विकासचे प्रकल्प कार्यालय किंवा उच्च व तंत्रशिक्षणाचे सहसंचालक कार्यालय अशा पुढच्या टप्प्यावर तो पोहोचतो. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर त्रुटी आढळली तर अर्ज परत येतो. पंधरा मिनिटांत भरलेल्या अर्जातील एका चुकीच्या रकान्याची किंमत पुढे काही महिन्यांनी मोजावी लागते, ती अशी.

या केंद्राची पहिली चांगली सवय अशी, की कागदपत्रे पूर्ण तपासल्याशिवाय संगणकावर पोर्टल उघडलेच जात नाही. केंद्रचालकाला सगळे जण भाऊ म्हणतात. ते आधी सर्व कागद टेबलावर मांडतात आणि प्रत्येक कागदावरील नाव, तारीख व शिक्का बोटाने दाखवत मोठ्याने वाचतात. मागच्या हंगामात आमच्या गावातील एक मावशी मुलाची कागदपत्रे घेऊन माझ्यासोबत आल्या होत्या. कापूस वेचणीचे दिवस, एक दिवसाची मजुरी बुडवून त्या आलेल्या. भाऊंनी उत्पन्नाचा दाखला उजेडात धरला, खालची ओळ वाचली आणि म्हणाले, "मावशी, हा दाखला ३१ मार्चलेच संपला. आज अर्ज टाकला त तो वापस येईन. आधी नवा दाखला काढा लागन." मावशींचा चेहरा उतरला, कारण पुन्हा तलाठ्याकडे आणि पुन्हा तालुक्याला येणे म्हणजे आणखी मजुरी बुडणार. भाऊंनी त्याच वेळी नव्या दाखल्याचा अर्ज भरून घेतला, तलाठ्यांच्या अहवालासाठी कोणते कागद लागतील ते एका चिठ्ठीवर मराठीत लिहून दिले, आणि दाखला ऑनलाइनच येईल, तुम्ही पुन्हा येऊ नका, मुलालाच पाठवा, असे सांगितले. दुसऱ्या एखाद्या केंद्राने तो जुना दाखला तसाच जोडून पैसे घेतले असते.

उत्पन्नाचा दाखला हा या सगळ्या कामाचा पाया आहे, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक लिहिते. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्या अहवालावरून तहसील कार्यालय हा दाखला देते. त्याची मुदत आर्थिक वर्षाबरोबर, म्हणजे ३१ मार्चला संपते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली तो १५ दिवसांत मिळणे अपेक्षित आहे. शिष्यवृत्तीसाठी एका वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला पुरतो, मागासवर्गातील कुटुंब उन्नत गटात मोडत नाही हे सांगणाऱ्या नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्रासाठी मात्र तीन वर्षांचे उत्पन्न पाहिले जाते. हा फरक माहीत नसल्यामुळे लोक एकाच वर्षात दोनदा तहसीलच्या पायऱ्या चढतात. हे केंद्र पहिल्या भेटीतच विचारते, की मुलाला पुढे नॉन-क्रिमिलेयर लागणार आहे का, आणि लागणार असेल तर तीन वर्षांचाच दाखला काढायला सांगते. दाखल्यावरील बारकोड क्रमांक पोर्टलवर टाकला की माहिती आपोआप भरली जाते, त्यामुळे बारकोड स्पष्ट दिसेल असा छापील दाखलाच ते ग्राह्य धरतात. मोबाइलवर काढलेला वाकडातिकडा फोटो घेत नाहीत.

प्रतिज्ञापत्राच्या बाबतीतही केंद्राचे वागणे मला प्रामाणिक वाटले. जात, उत्पन्न, अधिवास अशा प्रमाणपत्रांसाठी विद्यार्थ्यांना लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रावरील मुद्रांक शुल्क शासनाने माफ केलेले आहे, साध्या कागदावर केलेले प्रतिज्ञापत्र चालते. तरीही तहसीलच्या आवारात मुद्रांक विकत घ्यायला लावणारे लोक भेटतातच, आणि २०२४ मध्ये किमान मुद्रांक १०० वरून ५०० रुपयांचा झाल्यापासून हा भुर्दंड मोठा झाला आहे. या केंद्राच्या दारावर एक कागद चिकटवलेला आहे : विद्यार्थ्यांच्या दाखल्यासाठी मुद्रांक लागत नाही. एवढ्या एका ओळीने किती घरांचे ५०० रुपये वाचले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, पण माझ्यासमोर मुद्रांक घ्यायला निघालेले वडील तो कागद वाचून परत फिरलेले मी पाहिले आहेत.

जात वैधता प्रमाणपत्राचे काम केंद्राच्या हातात नसते. ते जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीचे आहे. मात्र पुरावे कोणते आणि कोठून आणायचे, हे येथे नीट समजावून सांगितले जाते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा लागतो, हे बाहेरच्या माणसाला कोरडे वाटेल. आमच्याकडे त्याचा अर्थ आजोबांच्या शाळेची दाखल-खारीज नोंदवही शोधणे, नाहीतर कोतवाल बुकाची, म्हणजे गावातील जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मिळवणे असा होतो. आजोबा शाळेतच गेले नसतील तर शाळेचा कागद येणार कोठून? तेव्हा आजोबांच्या किंवा त्यांच्या भावंडांच्या जन्माची कोतवाल बुकातील नोंद कामी येते. तिची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळते, हे मला या केंद्रात बसूनच कळले. मुलगा अकरावीत असतानाच हे काम सुरू करा, असे भाऊ प्रत्येक पालकाला सांगतात आणि त्यांचे बरोबर आहे. बारावीच्या निकालानंतर प्रवेशाच्या धावपळीत जुन्या नोंदी शोधणे फार कठीण जाते.

आता प्रत्यक्ष अर्जाविषयी. पोर्टलवर नोंदणी करताना विद्यार्थ्याचाच मोबाइल क्रमांक, विद्यार्थ्याचाच ई-मेल आणि विद्यार्थ्यानेच ठरवलेला पासवर्ड, हा या केंद्राचा नियम आहे, आणि मी त्याला सर्वाधिक गुण देईन. आमच्या भागात काही ठिकाणी केंद्रचालक स्वतःचाच क्रमांक टाकून मोकळे होतात, कारण ओटीपीसाठी थांबावे लागत नाही. परिणामी अर्ज परत आल्याचा संदेश त्या केंद्रचालकाच्या मोबाइलवर शेकडो संदेशांत हरवतो, आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी विद्यार्थ्याला स्वतःच्या अर्जात शिरण्यासाठी त्याच केंद्राच्या दारात उभे राहावे लागते. येथे असे होत नाही. पासवर्ड विद्यार्थ्याने स्वतः टाइप करायचा, स्वतःच्या वहीत लिहायचा, आणि भाऊंनी त्या वेळी नजर दुसरीकडे वळवायची, हे मी दर वेळी पाहते. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तोही वडिलांसोबत वावरात असतो, तेथे वडिलांना घरी थांबवून ठेवण्याचा निरोप आदल्या दिवशीच दिला जातो.

पोर्टलवर जोडायची प्रत्येक फाइल १५ ते २५६ केबी या मर्यादेत बसवावी लागते. मोबाइलने काढलेला फोटो या मर्यादेच्या कितीतरी पुढे जातो आणि जबरदस्तीने लहान केला की अक्षरे पुसट होतात. या केंद्रात स्कॅनरवर कागद सपाट ठेवून, कडा कापून, करड्या रंगात स्कॅन करतात आणि जोडण्यापूर्वी फाइल पडद्यावर मोठी करून विद्यार्थ्याला वाचायला लावतात. दाखल्याचा क्रमांक विद्यार्थ्याला वाचता आला तरच ती फाइल पुढे जाते. महाविद्यालयातील लिपिकाला शेकडो अर्ज तपासायचे असतात. जे त्याला वाचता येणार नाही ते तो परत पाठवणारच, हे त्यामागचे साधे कारण आहे.

महाविद्यालय निवडण्याच्या रकान्यातही येथे काळजी घेतली जाते. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ मध्ये अमरावतीला स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेची महाविद्यालये विदर्भात ठिकठिकाणी आहेत, आणि इतर संस्थांनीही तेच नाव मोठ्या संख्येने धारण केले आहे. त्यामुळे यादीत सारख्या नावांची रांगच दिसते. जिल्हा व तालुका आधी निवडून, मग प्रवेश पावतीवरील नाव अक्षरशः जुळवून पाहिल्याशिवाय भाऊ पुढे जात नाहीत. अर्ज चुकीच्या महाविद्यालयाच्या लॉगिनला गेला तर तेथील लिपिकाला त्या विद्यार्थ्याशी काही देणेघेणे नसते आणि अर्ज तसाच पडून राहतो. बारावीनंतर नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी एक वर्ष घरी राहिलेल्या मुलामुलींना मधल्या वर्षाचे खंड प्रमाणपत्र लागते, तेही येथे आठवणीने विचारतात. आमच्याकडे हे वर्ष पुष्कळदा तयारीचे नसून वडिलांच्या आजारपणात वावर सांभाळण्याचे असते, आणि ते कागदावर कसे लिहावे हे मुलांना उमजत नाही. भाऊ त्यांना सांगतात की जे घडले तेच लिहा, लपवण्यासारखे त्यात काही नाही.

योजना निवडून देण्यात या केंद्राची माहिती मला इतरांपेक्षा सरस वाटली. माझ्या भाचीला अमरावतीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे शासनाच्या एकत्रित प्रवेश फेरीतून, जागा मिळाली. ती इतर मागासवर्गातील आहे. प्रवेशाच्या वेळी तिच्याकडे पूर्ण शुल्क मागण्यात आले. वडिलांकडे चार एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि तूर. एवढी रक्कम आणायची कोठून, या विचाराने घरातील सर्वजण खचले होते. भाऊंनी शासनाच्या संकेतस्थळावरून ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय काढून त्याची प्रत तिच्या हातात दिली. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आणि केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गीय मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काचा लाभ ५० ऐवजी १०० टक्के देण्याचा तो निर्णय आहे. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला तो लागू नाही, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले, म्हणजे कोणाला खोटी आशा लागू नये. भाची ती प्रत घेऊन गेली आणि शुल्काचा प्रश्न सुटला. तिच्याजवळ कागद नसता, तर ती काय बोलली असती आणि कोणी ऐकले असते, असा विचार माझ्या मनात अजून येतो.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून भोजन, निवास आणि निर्वाहासाठी रक्कम मिळते. नागपूरसारख्या मोठ्या शहरात ती वर्षाला ६०,००० रुपये आहे, महसुली विभागाच्या शहरांत ५१,००० आणि इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. मात्र हा अर्ज महाडीबीटीवर होत नाही, समाजकल्याण विभागाच्या वसतिगृह प्रवेशाच्या वेगळ्या पोर्टलवर होतो. हे माहीत नसल्यामुळे आमच्या गावातील एक हुशार मुलगा पहिले वर्ष नागपुरात खोलीचे भाडे भरण्यासाठी रात्री एका हॉटेलात काम करत राहिला, आणि त्याला या योजनेचे नाव दुसऱ्या वर्षी या केंद्रात कळले. इतर मागासवर्गीयांसाठी याच धर्तीवर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना. खुल्या प्रवर्गातील मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे, आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना तिच्याच जोडीने डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मिळू शकतो. त्यासाठी तहसीलदारांचे अल्पभूधारक प्रमाणपत्र लागते आणि ते काढायला वेळ जातो, म्हणून भाऊ ते जूनमध्येच काढून ठेवायला सांगतात.

बँक खात्याच्या बाबतीत मला स्वतःला येथे जे शिकायला मिळाले ते मी इतरांना आवर्जून सांगते. आपल्या लोकांचा समज असा, की बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खाते आधारशी जोडले गेले. तसे नसते. झेरॉक्स दिल्याने केवळ ओळख पटते. शासनाची रक्कम ज्या खात्यात येते ते खाते एनपीसीआय या बँकांमधील पैशांची देवाणघेवाण सांभाळणाऱ्या संस्थेच्या नोंदीत आधार क्रमांकाशी जोडलेले असावे लागते, आणि एका वेळी अशी एकाच बँकेची नोंद असते. नंतर दुसऱ्या बँकेत खाते उघडताना संमतीच्या रकान्यात खूण केली की नोंद तिकडे सरकते. एका मुलीच्या बाबतीत मी हे समोर पाहिले. तिने अर्जासोबत राष्ट्रीयीकृत बँकेचे पासबुक आणले होते. भाऊंनी आधारच्या संकेतस्थळावर तिच्याच मोबाइलवर आलेल्या ओटीपीने बँक जोडणीची स्थिती उघडली, तर पडद्यावर नाव आले ते भलत्याच बँकेचे. गावात कोणीतरी मोबाइल रिचार्जबरोबर उघडून दिलेले ते खाते तिला आठवतही नव्हते. सहा महिन्यांनी शिष्यवृत्तीची रक्कम त्या खात्यात गेली असती आणि पासबुकात शून्यच दिसले असते. तिला त्याच दिवशी बँकेत पाठवून आधार जोडणीचा अर्ज द्यायला लावले आणि स्थिती बदललेली दिसेपर्यंत तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज राखून ठेवला. पाच मिनिटांची ही तपासणी प्रत्येक केंद्राने केली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

अर्ज भरून झाल्यावर त्याची प्रत आणि अर्ज क्रमांक विद्यार्थ्याला दिला जातो, आणि प्रत कागदपत्रांसह महाविद्यालयाच्या कार्यालयात आठवडाभरात नेऊन द्या, तेथील पोच घ्या, असे बजावून सांगितले जाते. त्याच वेळी केंद्राच्या एका लांब नोंदवहीत विद्यार्थ्याचे नाव, अर्ज क्रमांक, योजना आणि मोबाइल क्रमांक लिहिला जातो. शेवटचा रकाना रिकामा असतो. ठरावीक दिवसांनी भाऊ त्या मुलांना फोन करून स्थिती पाहायला सांगतात आणि तो रकाना भरत जातात : महाविद्यालयात, परत आला, पुन्हा पाठवला, मंजूर, रक्कम जमा. वही उघडली की कोणाचे काम कोठे थांबले आहे ते एका नजरेत दिसते. अर्ज परत आला तर दुरुस्तीसाठी येथे वेगळे पैसे घेत नाहीत. या वहीमुळे आमच्या गावातील मुलांचे अर्ज वेळेत दुरुस्त झाले आहेत, आणि त्याची साक्ष मी देऊ शकते.

रक्कम जमा झाल्यावरचे समजावणेही महत्त्वाचे आहे. अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणाची, शिष्यवृत्ती १९४४ पासूनची आहे. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्यांना ती मिळते आणि तिच्यात आता केंद्र सरकारचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के आहे. केंद्र सरकारचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यात महाविद्यालयाच्या शुल्काचा भागही असतो. दोन वाटे वेगवेगळ्या वेळी येत असल्यामुळे पालकांना वाटते की उरलेले पैसे कोणीतरी खाल्ले. उलट कधी असेही होते, की आलेली सगळी रक्कम आपलीच समजून घरात बी-बियाण्यांना लागते आणि मग महाविद्यालय शुल्कासाठी तगादा लावते, टीसी अडवते. यात आईवडिलांचा दोष मी मानत नाही, कारण खात्यावर आलेल्या रकमेवर 'यातील इतके शुल्काचे' असे कोठेही लिहिलेले नसते. भाऊ अर्ज भरतानाच निर्वाह भत्ता किती आणि शुल्क किती ते कागदावर मांडून दाखवतात. उदाहरणार्थ, गट एकच्या, म्हणजे पदवी व पदव्युत्तर पातळीवरील, व्यावसायिक अभ्यासक्रमात वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० रुपये आणि घरून ये-जा करणाऱ्याला ७,००० रुपये भत्ता आहे. तेवढा आपला, बाकीचे महाविद्यालयाचे.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव अशी, की भाऊ स्वतः नसताना केंद्राचा दर्जा घसरतो. त्यांच्या अनुपस्थितीत मदतनीस मुलाने भरलेल्या एका अर्जात वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरून ये-जा करणारा दाखवले गेले. वर सांगितलेला भत्त्यातील फरक पाहिला तर ही चूक लहान नाही. महाविद्यालयाला विनंती करून अर्ज परत मागवावा लागला आणि मगच दुरुस्ती झाली. मदतनीसाला शिकवल्याशिवाय त्याच्या हाती अर्ज देऊ नयेत, असे मी केंद्रचालकांना सांगितले आहे, आणि त्यानंतर भाऊंनी प्रत्येक अर्ज स्वतः पाहिल्यावरच सबमिट होईल असे ठरवले आहे. ते कितपत टिकते ते गर्दीच्या दिवसांत कळेल.

दुसरी बाब पैशांची आहे. शासकीय दाखल्यांचे दर फलकावर लिहिलेले आहेत आणि त्याची पावती मिळते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे, स्कॅन करणे, प्रती काढणे याचे पैसे मात्र तोंडीच सांगितले जातात आणि त्याची पावती मिळत नाही. घेतलेली रक्कम मला कधी अवाजवी वाटली नाही आणि एकट्या आईने वाढवलेल्या मुलांकडून ती कमी घेतल्याचेही मी पाहिले आहे. तरीही दर फलकावर असावेत. चांगल्या माणसानेही हिशेब लेखी ठेवला म्हणजे गरीब माणसाला विचारण्याचा संकोच राहत नाही.

बसण्याची सोय अपुरी आहे. टिनाच्या छपरीखाली दोन बाक आहेत, त्यावर सकाळी दहानंतर जागा नसते आणि ऑक्टोबरच्या उन्हात बायका लेकरांना घेऊन गल्लीत उभ्या असतात. पिण्याचे पाणी आहे, स्वच्छतागृह नाही, आणि मुलींना त्यासाठी बसस्थानकापर्यंत जावे लागते. वीज गेली तर बॅटरीवर काम काही वेळ चालते, पुढे थांबते. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात पोर्टलवर ताण आला की एका अर्जाला एरवीच्या कितीतरी पट वेळ लागतो. तो दोष केंद्राचा नाही, परंतु त्या दिवसांत क्रमांकाची चिठ्ठी देण्याची पद्धत सुरू केली तर दूरच्या खेड्यांतून आलेल्या लोकांना शेवटची एसटी चुकवावी लागणार नाही.

ज्यांना या केंद्रात जायचे असेल त्यांनी आठवडी बाजाराचा दिवस टाळावा आणि शक्यतो सकाळी केंद्र उघडताच पोहोचावे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जात व जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, प्रवेशाची पावती, केंद्रीभूत प्रवेशाचे वाटपपत्र आणि पासबुक, ही सगळी मूळ कागदपत्रे सोबत ठेवावीत. केवळ झेरॉक्सवर येथे अर्ज भरत नाहीत. विद्यार्थ्याने स्वतः यावे आणि आधारशी जोडलेला मोबाइल आणावा. शेवटची तारीख बऱ्याचदा वाढते हे खरे असले तरी त्या भरवशावर राहू नये, कारण अर्ज परत आला तर दुरुस्तीलाही दिवस लागतात, आणि पोर्टल सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात भाऊंजवळ प्रत्येक कागद वाचायला भरपूर वेळ असतो.